उद्यान शुल्काची पहिली फाइल हाती घेण्यापूर्वी

गोव्यातील पर्वरीच्या ज्या कार्यालयात मी काम करते, तेथे कॅलिफोर्नियातील लहान-मध्यम शहरांसाठी विकास शुल्काचे अहवाल तयार होतात. नवी घरे बांधणाऱ्याने शहराच्या उद्यानांपोटी किती रक्कम भरावी हे तेथे ठरावीक काळाने नव्याने ठरवावे लागते, आणि त्या फेरआखणीतील आकडेमोड, तक्ते व मसुदा यांचा मोठा भाग आमच्याकडे असतो. आल्तिनोवरच्या वास्तुकला महाविद्यालयातून किंवा फर्मागुढीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडून या कामात येणारी मुले-मुली पहिल्याच महिन्यात मला एक प्रश्न हमखास विचारतात: दर हजार माणसांमागे उद्यान किती एकर धरायचे? या एका प्रश्नाचे उत्तर चुकल्यामुळे दुसऱ्या वर्षी माझे चार महिन्यांचे काम वाया गेले होते. ती चूक आजही माझ्या मनातून गेलेली नाही, म्हणून इतर गोष्टी थोडक्यात सांगून तिच्याविषयी मी सविस्तर लिहिणार आहे.

एक्सेल येते, जनगणनेचे तक्ते वाचता येतात, एवढे गृहीत धरते. कायदे मात्र दोन आहेत आणि ते वेगळे ठेवायला हवेत. क्विम्बी कायदा जमिनीचे तुकडे पाडून विकणाऱ्यास लागू होतो. त्याने उद्यानासाठी जमीन द्यावी किंवा तिच्या बदल्यात पैसे भरावेत, अशी मागणी शहर करू शकते. भूखंड पन्नास किंवा त्याहून कमी असतील, तर जमिनीची सक्ती करता येत नाही, केवळ पैसे मागता येतात. या मागणीची घटनात्मकता कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने 1971 मध्ये वॉलनट क्रीक शहराच्या खटल्यात मान्य केली. दुसरा कायदा मिटिगेशन फी ॲक्ट, म्हणजे नव्या बांधकामाचा भार भरून काढण्यासाठी घ्यायच्या शुल्काचा कायदा. तो 1987 मध्ये संमत झाला आणि 1989 च्या प्रारंभापासून लागू आहे. जमिनीचे विभाजन न करता उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या इमारती क्विम्बीच्या कक्षेत येत नाहीत, त्यांच्याकडून शुल्क घ्यायचे तर याच दुसऱ्या कायद्याच्या आधाराने घ्यावे लागते. उद्यानात झाडे, पायवाटा, खेळाची साधने, स्वच्छतागृहे उभारण्याचा खर्चही सहसा याच वाटेने वसूल होतो.

आता तो सापळा. क्विम्बी कायद्यात दर हजार रहिवाशांमागे तीन एकर हे प्रमाण लिहिलेले आहे, आणि शहराकडे सध्याच त्याहून अधिक उद्याने असतील तर पाच एकरांपर्यंत जाण्याची मुभा आहे. शिवाय प्रत्येक शहराचा एक जनरल प्लॅन, म्हणजे दीर्घकालीन विकासाचा आराखडा, असतो, आणि त्यात उद्यानांविषयीचे उद्दिष्ट बहुधा उदार असते. माझ्या हातातील शहराच्या आराखड्यात ‘दर हजारी पाच एकर’ असे स्पष्ट शब्दांत लिहिले होते. लोकांनी निवडून दिलेल्या परिषदेने संमत केलेला दस्तऐवज, त्यातला छापील आकडा. याहून भक्कम आधार कोणता असणार, असे मला वाटले आणि मी पाच एकर धरून मिटिगेशन फी ॲक्टखालील शुल्क काढले. ते चूक होते. तो आकडा शहराची इच्छा सांगत होता, आणि शुल्क काढताना इच्छेला नव्हे, तर आज प्रत्यक्ष असलेल्या एकरांना महत्त्व असते.

हे आपल्याकडच्या वाड्याच्या, म्हणजे गावातील वस्तीच्या, उदाहरणाने समजून घ्या. एका वाड्यावर वीस घरे आहेत. त्यांना दोन विहिरी हव्यात, पण आहे एकच, आणि वर्षानुवर्षे सारे जण त्या एकीवर भागवत आले आहेत. वाड्याच्या कडेला भाटकाराने, म्हणजे जमीनमालकाने, जमीन विकली आणि पाच नवी घरे आली. या पाच घरांमुळे पाण्यावर जो अधिकचा ताण पडेल, त्याचा खर्च त्यांच्याकडून मागणे न्याय्य आहे. परंतु जुन्या वीस घरांना जी दुसरी विहीर कधीच परवडली नाही, तिचा सगळा खर्च नव्या पाच घरांवर टाकणे न्याय्य नाही. मिटिगेशन फी ॲक्टमध्ये हीच गोष्ट स्पष्ट लिहिलेली आहे: सार्वजनिक सुविधांत आधीपासून असलेल्या तुटीचा खर्च शुल्कात घालता येत नाही.

हेच आकड्यांत मांडते. आकडे शिकवण्यापुरते घेतले आहेत. समजा, शहराची लोकसंख्या 60,000 आहे आणि उद्याने 144 एकर आहेत. म्हणजे आजची सेवापातळी दर हजारी 2.4 एकर झाली. पुढील काळात 5,000 माणसे वाढणार आहेत. आजच्या पातळीने त्यांच्यासाठी 12 एकर लागतात, तर आराखड्यातील पाच एकरांच्या उद्दिष्टाने 25. मधले 13 एकर कोणाच्या गरजेचे आहेत? जमीन आणि उभारणी मिळून एकरी 21 लाख डॉलर खर्च धरला, तर 2.4 एकरांच्या हिशेबाने माणशी 5,040 डॉलर येतात आणि घरात सरासरी 2.8 माणसे धरल्यास घरामागे 14,112 डॉलर होतात. पाच एकर धरले की तेच शुल्क 29,400 वर जाते. कोष्टकातील एकच कप्पा बदलला आणि प्रत्येक घरावर पंधरा हजारांहून अधिक डॉलरचा बोजा वाढला, तोही ज्याचे समर्थन करता येत नाही असा.

उद्दिष्टाचा आकडा कधीच वापरता येत नाही, असे मात्र नाही. शहराने जुन्या 60,000 रहिवाशांची तूट, म्हणजे वरील उदाहरणात तब्बल 156 एकर, दुसऱ्या पैशांतून भरून काढण्याची विश्वासार्ह तजवीज दाखवली, तर उच्च पातळी धरता येते. अशी तजवीज करणारे शहर मी अद्याप पाहिलेले नाही. म्हणून माझा नवोदितांना आग्रह आहे की, आराखड्यातील उद्दिष्ट अहवालाच्या प्रास्ताविकात खुशाल नमूद करा, परंतु सूत्रात त्याला शिरू देऊ नका.

माझ्या बाबतीत झाले असे की मसुदा शहराकडे गेला, तेथून सूचनेसह प्रसिद्ध झाला, आणि बांधकाम व्यावसायिकांच्या वतीने एका वकिलाचे सहा पानी पत्र आले, ज्यात माझ्या तक्त्यातील नेमकी तीच ओळ उद्धृत केलेली होती. सुनावणी पुढे ढकलली गेली. माझ्या वरिष्ठांनी तो तक्ता तपासलेला होता, तरीही त्यावेळी बैठकीत कोणी तसे म्हटले नाही, आणि मी एकटीने उत्तर दिले. त्याचा सल अजून आहे. पण हेही खरे आहे की त्या पत्राच्या प्रत्येक परिच्छेदाला कायद्याच्या कलमाशी ताडून पाहताना मी जे शिकले, ते आधीच्या दीड वर्षात शिकले नव्हते. तुमच्याही पहिल्या दोन वर्षांत एखादी मोठी चूक होईल. ती झाली म्हणून आपण या कामाच्या योग्यतेचे नाही, असे कृपा करून समजू नका. मी तसे समजून राजीनामा लिहून ठेवला होता आणि तो दिला नाही, याचे मला आज समाधान आहे.

मार्गदर्शकांविषयी माझे मत ठाम आहे. तुमचा तक्ता स्वतः दुरुस्त करून परत देणारा वरिष्ठ प्रेमळ वाटतो, परंतु त्याच्याकडून तुम्ही काहीही शिकत नाही. ‘हा आकडा कुठून आला?’ एवढेच समासात लिहून तक्ता परत करणारा माणूस शोधा आणि त्याला धरून राहा. त्याचप्रमाणे जुन्या अहवालाची फाइल उघडून शहराचे नाव व लोकसंख्या बदलण्याची जी पद्धत आमच्या क्षेत्रात रूढ आहे, तिला मी धोकादायक मानते. मी केलेली चूक मुळात अशाच एका साच्यातून आलेली होती: ज्या शहरासाठी तो साचा बनला होता, त्याच्याकडे खरोखरच पाच एकरांहून अधिक उद्याने होती, त्यामुळे तेथे तो आकडा योग्य होता. साचा वापरणाऱ्याला ही पूर्वपीठिका दिसत नाही.

न्यायालयांकडे लक्ष ठेवणे हा या कामाचा भाग आहे, जरी नोकरीच्या जाहिरातीत ते लिहिलेले नसले तरी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1987 च्या नोलन खटल्यात बांधकाम परवान्याची अट आणि त्या बांधकामाचा परिणाम यांत संबंध हवा असे म्हटले, 1994 च्या डोलन खटल्यात ती अट प्रमाणशीर हवी असे म्हटले, आणि 2013 च्या कून्ट्झ खटल्यात हीच कसोटी पैशांच्या मागणीलाही लावली. 12 एप्रिल 2024 रोजी शीट्झ विरुद्ध एल डोराडो काउंटी या खटल्याचा एकमताने निकाल लागला. तेथील शुल्क वाहतुकीसाठीचे होते, 23,420 डॉलरचे. परंतु कायदेमंडळाने सरसकट ठरवलेले शुल्कही या कसोटीतून सुटत नाही, हे त्यातील तत्त्व उद्यान शुल्कालाही तितकेच लागू होते. सरसकट वर्गासाठी ठरवलेले शुल्क प्रत्येक घरापुरते वेगळे सिद्ध करावे लागेल का, हा प्रश्न न्यायालयाने त्या दिवशी खुला ठेवला. म्हणून आता आमच्या प्रत्येक तक्त्याखाली त्याचा उगम लिहिण्याची शिस्त अधिक कडक झाली आहे.

फेरआखणीच्या रीतीविषयी थोडक्यात. दरवर्षी बांधकाम खर्चाच्या निर्देशांकाप्रमाणे शुल्क वाढवणे ही एक गोष्ट, आणि संपूर्ण नेक्सस स्टडी, म्हणजे नवे बांधकाम व शुल्क यांतील संबंध दाखवणारा अभ्यास, नव्याने करणे ही दुसरी. निर्देशांक जमिनीच्या किमतीतील बदल सांगत नाही आणि नव्या उद्यानांची भरही सांगत नाही. एबी 602 या कॅलिफोर्नियाच्या 2021 च्या विधेयकाने हा अभ्यास किमान दर आठ वर्षांनी करणे बंधनकारक केले, सुनावणीपूर्वी तीस दिवसांची सूचना आवश्यक ठरवली, आणि 1 जुलै 2022 नंतरच्या अभ्यासांत घरांवरील शुल्क सर्वसाधारणपणे चौरस फुटांच्या प्रमाणात काढण्यास सांगितले. वरच्या उदाहरणातील 14,112 डॉलर 1,800 चौरस फुटांच्या सरासरी घरावर पसरले की चौरस फुटाला 7.84 डॉलर येतात. यामागील विचार मला मनापासून पटतो, कारण लहान घर घेणाऱ्या कुटुंबाने मोठ्या बंगल्याइतकेच शुल्क भरावे हे योग्य नव्हते. गोळा झालेला पैसा स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो, आर्थिक वर्ष संपल्यापासून 180 दिवसांत त्याचा हिशेब प्रसिद्ध करावा लागतो, आणि उद्यानांच्या देखभालीवर तो खर्च करता येत नाही. हे शेवटचे वाक्य शहराचे अधिकारी तुम्हाला अनेकदा विसरायला सांगतील, विसरू नका.

गोव्यातील मुलांना एकर हे परिमाण जवळचे वाटत नाही, कारण आपण भूखंड चौरस मीटरमध्ये मोजतो. एक एकर म्हणजे सुमारे 4,047 चौरस मीटर, त्यामुळे दर हजारी तीन एकर म्हणजे माणशी साधारण 12 चौरस मीटर. आपल्या केंद्र सरकारच्या नगरनियोजन मार्गदर्शक तत्त्वांत माणशी 10 ते 12 चौरस मीटर मोकळ्या जागेचे प्रमाण सुचवलेले आहे, म्हणजे दोन्हीकडचा विचार जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतो. संध्याकाळी पणजीच्या गार्सिया द ओर्ता उद्यानात किंवा कांपालच्या बागेत बसलेल्या माणसांची गर्दी पाहिली की हा आकडा किती मोलाचा आहे, हे मला कोष्टकापेक्षा अधिक स्पष्ट कळते. आपल्याकडे लेआउटमध्ये मोकळी जागा सोडली जाते आणि 2009 च्या कायद्याने पायाभूत सुविधा करही लागतो, पण त्यातून कोणत्या उद्यानात किती भर पडली याचा तक्ता सामान्य माणसाने मागितला तर तो सहज हाती यायला हवा. पुढे आपल्याच नगरपालिकांसाठी असे काम करण्याची माझी इच्छा आहे.

माझा दुरुस्त अहवाल पाच महिन्यांनी परिषदेपुढे आला. तेथील संध्याकाळचे सात म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेसात. बाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजत होता आणि मी घरी संगणकासमोर बसून सुनावणी पाहत होते. तेच वकील उभे राहिले आणि त्यांनी उद्यानांच्या यादीविषयी दोन प्रश्न विचारले: शाळेची मैदाने धरली आहेत का, आणि धरली असल्यास कोणत्या कराराने. दोन्ही उत्तरे तक्त्याखालील टिपेत होती. शाळेच्या वेळेनंतर मैदान लोकांना खुले ठेवण्याचा लेखी करार एकाच शाळेशी होता, म्हणून यादीत तेवढेच मैदान होते. शहराच्या अधिकाऱ्याने ती टीप वाचून दाखवली, ठराव संमत झाला, आणि कायद्याप्रमाणे साठ दिवसांनी नवे दर लागू झाले. ती यादी मी आजही प्रत्येक नवोदिताला पहिल्या दिवशी देते आणि तिच्यातील प्रत्येक उद्यान हवाई छायाचित्रावर स्वतः शोधून त्याचे एकर पुन्हा मोजायला सांगते.