कॉलेजचे गाव कसे पारखावे : आयोवा सिटी, एम्स आणि सप्टेंबरमधला एक शनिवार

अमेरिकेत शिकायला निघालेला विद्यार्थी विद्यापीठांची क्रमवारी, फी आणि प्राध्यापकांची नावे महिनोन्‌महिने तपासत असतो. ज्या गावात पुढची दोन ते पाच वर्षे काढायची आहेत, त्या गावाची चौकशी मात्र विमानतळापासूनचे अंतर आणि खोलीचे भाडे एवढ्यावर आटोपते. मी काही वर्षे आयोवा सिटीत राहिलो, एम्सला वरचेवर जात राहिलो, आणि माझे मत असे झाले आहे की विद्यापीठाभोवती वाढलेले गाव पारखायचे तर तिथे दोन वेगळ्या जातीचे दिवस काढावेत : अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचा एक शनिवार आणि त्यानंतरचा एक साधा मंगळवार. शनिवारी गाव कशावर जीव टाकते ते कळते, आणि मंगळवारी त्या गावात आपले कसे निभेल ते कळते. पुढे लिहिले आहे ते या दोन गावांवरून असले, तरी पाहण्याची रीत अशा इतर गावांनाही लागू पडेल.

आधी या दोन गावांमधल्या चुरशीचे मूळ समजून घ्यावे, कारण त्यावाचून शनिवारचा गोंगाट नुसता गोंगाट वाटतो. आयोवा राज्याची लोकसंख्या सुमारे ३२ लाख आहे आणि तिथे फुटबॉल, बास्केटबॉल किंवा बेसबॉल यांपैकी एकाही खेळाचा सर्वोच्च व्यावसायिक संघ नाही. त्यामुळे राज्याचे सारे प्रेम दोन विद्यापीठांच्या संघांत वाटले गेले आहे. आयोवा सिटीतले आयोवा विद्यापीठ १८४७ सालचे. वैद्यक, कायदा आणि साहित्य ही त्याची ओळख. एम्समधले आयोवा स्टेट १८५८ साली शेतकी महाविद्यालय म्हणून स्थापन झाले आणि शेती, पशुवैद्यक व अभियांत्रिकी यांवर मोठे झाले. दोन्ही गावांमध्ये सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, मोटारीने दोन तासांहून थोडे अधिक. दोन्ही संघ पहिल्यांदा १८९४ मध्ये भिडले. १९३४ नंतर मात्र तब्बल ४३ वर्षे त्यांच्यात सामनाच झाला नाही. १९७७ मध्ये तो पुन्हा सुरू झाला, आयोवाने १२-१० असा जिंकला, आणि तेव्हापासून साय-हॉक करंडकासाठीची ही लढत सहसा सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारच्या आसपास होते. सम वर्षी ती आयोवा सिटीत असते, विषम वर्षी एम्समध्ये. एका घरातली थोरली मुलगी इकडे आणि धाकटा मुलगा तिकडे शिकत असतो, आणि अशा घरांच्या अंगणात अर्धा एका रंगाचा, अर्धा दुसऱ्या रंगाचा झेंडा लावलेला असतो.

जाण्याची तयारी लवकर करावी. सामन्याच्या शनिवार-रविवारी हॉटेलांचे दर चढतात आणि अनेक ठिकाणी किमान दोन रात्रींचे आरक्षण मागतात. आयोवा सिटीत खोली मिळाली नाही तर शेजारच्या कोरलव्हिलमध्ये किंवा सीडर रॅपिड्समध्ये पाहावी, विमानतळही सीडर रॅपिड्सलाच आहे. हंगामातल्या पुढच्या सामन्यांच्या वेळा दूरचित्रवाणीच्या सोयीने ठरतात आणि काही वेळा जेमतेम आठवडा-दोन आठवडे आधी कळतात, म्हणून त्या दिवशीचे परतीचे विमान घेऊ नये. स्टेडियममध्ये कोणती पिशवी नेता येते, याचे नियम आदल्या दिवशी वाचून घ्यावेत. कपड्यांचे म्हणाल तर आयोवाचा रंग काळा-सोनेरी आणि आयोवा स्टेटचा गडद लाल-सोनेरी; पारखायला आलेल्या माणसाने निळा किंवा पांढरा सदरा घालावा, म्हणजे दोन्हीकडची माणसे मोकळेपणाने बोलतात.

तिकीट मिळाले नाही तरी सकाळी आयोवा सिटीतल्या मेलरोझ अव्हेन्यूवर जावेच. किनिक स्टेडियम गावाच्या ऐन वस्तीत आहे. रस्त्यालगतची घरे आपल्या अंगणातल्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावू देतात, गाड्यांच्या मागच्या दारांशी शेगड्या पेटतात, मक्याची कणसे आणि मांस भाजले जाते, आणि अनोळखी माणसाच्या हातातही कोणीतरी खायला ठेवते. या मेजवानीला टेलगेटिंग म्हणतात. इथे पाहण्याची गोष्ट अशी की विरुद्ध संघाचा सदरा घातलेल्या माणसाशी लोक कसे वागतात. दोन-चार टोमणे पडणारच. पण त्यानंतर त्याला खुर्ची दिली जाते का, त्याच्या लहान मुलांची विचारपूस होते का, हे नीट पाहावे. चुरस कुठवर जाऊ शकते याचे एक दुःखद उदाहरण अलाबामा राज्यातले आहे : २०१० मध्ये प्रतिस्पर्धी संघाच्या एका चाहत्याने ऑबर्न गावातल्या टूमर्स कॉर्नरच्या जुन्या ओक वृक्षांना विष घातले आणि २०१३ मध्ये ते तोडावे लागले. गावाचा जीव ज्यात अडकला आहे, ते प्रतिस्पर्ध्याच्या हातूनही सुरक्षित राहिले पाहिजे, ही माझी चांगल्या गावाची पहिली कसोटी आहे.

या कसोटीवर आयोवा सिटी किती उतरते, ते पहिला क्वार्टर, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी पहिला, संपताना दिसते. स्टेडियमच्या लगत विद्यापीठाचे मुलांचे रुग्णालय आहे. नवी इमारत २०१७ मध्ये सुरू झाली आणि तिच्या सर्वांत वरच्या, बाराव्या मजल्यावरून संपूर्ण मैदान दिसते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून पहिला क्वार्टर संपला की स्टेडियममधली सगळी माणसे, म्हणजे आसने भरलेली असतील तर जवळजवळ ६९ हजार, मैदानाकडे पाठ किंवा कूस करून त्या खिडक्यांकडे वळतात आणि हात हलवतात. दोन्ही संघांचे खेळाडू, प्रशिक्षक आणि पंचही त्यात असतात. मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा माझ्या पुढच्या रांगेत लाल सदऱ्यातला एक म्हातारा गृहस्थ उभा होता. मघापासून तो आयोवाच्या प्रत्येक चुकीवर ओरडत होता. त्याने टोपी काढून डाव्या हातात धरली आणि उजवा हात इतका उंच केला की त्याच्या बाहीची शिवण उसवलेली दिसली. वर काचेला टेकलेले छोटे तळहात दिसत होते, एका मुलाच्या शेजारी सलाईनचा स्टँड होता. मिनिटभराने खेळ पुन्हा सुरू झाला आणि तो गृहस्थ पुन्हा ओरडू लागला. तिकीट मिळाले तर या मिनिटासाठी जागेवर असावे. खाण्याच्या रांगेत नंतर उभे राहता येते.

स्टेडियम कोणाच्या नावाचे आहे, हे दोन्ही गावांत आवर्जून विचारावे. नाइल किनिक हा आयोवाचा खेळाडू. कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला दिली जाणारी हाइझमन ट्रॉफी १९३९ साली त्याला मिळाली, आणि ती स्वीकारताना केलेल्या भाषणात त्याने युरोपच्या रणांगणाऐवजी आपण खेळाच्या मैदानावर आहोत याबद्दल देवाचे आभार मानले होते. १९४३ मध्ये नौदलाच्या सरावाच्या उड्डाणात तो गेला, तेव्हा त्याचे वय २४ होते. एम्समधल्या स्टेडियमला जॅक ट्राइसचे नाव आहे. आयोवा स्टेटचा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये मिनेसोटाविरुद्धच्या सामन्याच्या आदल्या रात्री त्याने हॉटेलच्या कागदावर एक पत्र लिहिले, त्यात आपल्या वंशाची, कुटुंबाची आणि स्वतःची प्रतिष्ठा पणाला लागली आहे असे त्याने म्हटले होते. सामन्यात झालेल्या दुखापतींनी दोन दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, त्याचा मृत्यू झाला. ते पत्र त्याच्या कोटाच्या खिशात सापडले. स्टेडियमला त्याचे नाव मिळावे म्हणून विद्यार्थ्यांच्या एकामागून एक पिढ्यांनी मागणी लावून धरली; १९८४ मध्ये फक्त मैदानाला नाव मिळाले आणि संपूर्ण स्टेडियमला मिळायला १९९७ उजाडले. जे विद्यार्थी चार वर्षांनी गाव सोडून जाणार आहेत, त्यांनी एवढी वर्षे एक मागणी जिवंत ठेवली, ही गोष्ट मला त्या गावाच्या कोणत्याही विजयापेक्षा मोठी वाटते.

रविवारी सकाळी उशिरापर्यंत झोपू नये. रस्ते किती लवकर झाडून होतात, हे पाहून नगरपालिका आणि विद्यापीठ यांचे एकमेकांशी कसे आहे ते कळते. दुपारी प्रेअरी लाइट्स या पुस्तकांच्या दुकानात जावे. आयोवा सिटीत १९६७ पासून चालू असलेला आंतरराष्ट्रीय लेखन कार्यक्रम नेमका फुटबॉलच्या हंगामात, शरद ऋतूत भरतो. देशोदेशीचे लेखक काही आठवडे गावात राहतात आणि या दुकानात आपले लेखन वाचतात. सत्तरच्या दशकात दिलीप चित्रे याच कार्यक्रमासाठी इथे राहिले होते. जिथे शनिवारी सत्तर हजारांच्या घरात माणसे जमतात, तिथे रविवारी वीस-पंचवीस माणसे एखाद्या दूरच्या भाषेतल्या कवितेसाठी खुर्च्या ओढून बसतात. २००८ मध्ये युनेस्कोने या गावाला साहित्यनगरीचा मान दिला, तो या दुसऱ्या गर्दीमुळे.

आता मंगळवार. या दिवशी गाडी वापरू नये. सोनेरी घुमटाच्या जुन्या कॅपिटॉलपासून निघावे (१८५७ मध्ये राजधानी डे मॉइनला हलली आणि ही इमारत विद्यापीठाकडे आली), पेड मॉलच्या पादचारी चौकातून सार्वजनिक ग्रंथालयात जावे, तिथून नदी ओलांडून रुग्णालयापर्यंत पायी किंवा कॅम्बस या विद्यापीठाच्या बसने यावे. कॅम्बस विनामूल्य आहे आणि ती चालवणारे बहुतेक विद्यार्थीच असतात. मग बसनेच तूरडाळ, कोथिंबीर आणि हिरव्या मिरच्या आणून दाखवाव्यात : किती वेळ लागला, बस किती वेळाने आली, शेवटची बस कधी सुटते, हे घड्याळ लावून मोजावे. थांब्यावर उभे राहून हेही लक्षात घ्यावे की जानेवारीत इथे पारा उणे वीस अंशांपर्यंत उतरतो आणि तेव्हाही याच थांब्यावर उभे राहायचे आहे.

घराच्या बाबतीत एक सूचना अनुभवाने करतो. आयोवा सिटीत बहुतेक लीज, म्हणजे भाडेकरार, जुलैअखेर संपतात आणि नव्या ऑगस्टच्या सुरुवातीला सुरू होतात, त्यामुळे मधली एखादी रात्र सामानासह कुठे काढायची हा प्रश्न शेकडो मुलांपुढे एकाच वेळी उभा राहतो. माझ्या पहिल्या घरमालकाने हे सांगितले नव्हते आणि मी ती रात्र एका मित्राच्या बैठकीत पुस्तकांच्या खोक्यांमध्ये काढली. सही करण्यापूर्वी दोन्ही तारखा आणि वेळा लेखी मागाव्यात.

एम्समध्ये हाच क्रम थोडा बदलतो. तिथले स्टेडियम वस्तीपासून दूर, दक्षिणेला मोकळ्या मैदानांमध्ये आहे; टेलगेटिंग ऐसपैस होते, पण गावातून चालत जाताना सामना जवळ येत असल्याचे जे अंगावर येते ते तिथे नाही, आणि माझ्या लेखी ही उणीव आहे. बसची सोय मात्र उत्तम. गाव, विद्यापीठ आणि विद्यार्थी संघटना मिळून सायराइड चालवतात, आणि ओळखपत्र दाखवले की विद्यार्थ्याला पैसे पडत नाहीत. मंगळवारी मेमोरियल युनियन या विद्यार्थ्यांच्या वावराच्या इमारतीत उत्तरेच्या दाराने शिरावे. तिथे जमिनीत राशिचक्र बसवलेले आहे. पाय पडण्याने ते झिजून गुळगुळीत व्हावे अशी मूळ कल्पना होती, पण त्यावर पाय ठेवणारा परीक्षेत नापास होतो असा समज विद्यार्थ्यांत रुजला आणि सगळे त्याला वळसा घालून जाऊ लागले. पलीकडच्या दालनात युद्धांत गेलेल्या विद्यार्थ्यांची नावे भिंतींवर कोरलेली आहेत. तिथे दहा मिनिटे बाजूला उभे राहावे. घाईत असलेली, पाठीवर दप्तर अडकवलेली मुलेही राशिचक्रापाशी आपोआप वळतात, आणि नवीन कोणी सरळ चालत आला तर शेजारचा अनोळखी मुलगा त्याची बाही धरून त्याला बाजूला घेतो.