आयकिडो शिकायला येण्याआधी पडण्याबद्दल थोडं

"पोलीस भरतीत याचे मार्क मिळतात का?" आयकिडो या जपानी युद्धकलेच्या आमच्या वर्गाच्या दारात सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न हाच. नाशिकसारख्या गावात, जिथे त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी आहे, तिथे तो येणारच. उत्तर 'नाही' असं आहे. शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर धावणं, 100 मीटर धावणं आणि गोळाफेक मिळून 50 गुण असतात. तिथे मनगट पिळता येतं का, हे कोणी विचारत नाही. भरतीला चार महिने राहिले असतील तर पहाटे मैदानावर जा, आमच्याकडे नंतर या.

गंगापूर रोडच्या बाजूला एका शाळेच्या हॉलमध्ये आमचा वर्ग भरतो. एकदा सराव सुरू झाला की सर दाराकडे बघत नाहीत, त्यामुळे नवीन माणसांशी बोलायचं काम बऱ्याच वर्षांपासून माझ्या गळ्यात आहे.

दुसरा नंबर पालकांचा. दहावीचे क्रीडा गुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण, हा हिशोब मनात धरून ते येतात. त्यात चूक काही नाही, पण या दोन्हींसाठी स्पर्धेतली कामगिरी लागते आणि टोकियोच्या आयकिकाई संस्थेशी जोडलेल्या वर्गांमध्ये स्पर्धाच होत नाहीत. पदक हवं असेल तर मुलाला ज्युदो किंवा कुस्तीला घाला. तोमिकी पद्धतीच्या आयकिडोत मात्र सामने होतात. केंजी तोमिकी हे ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचेही शिष्य आणि आयकिडोचे संस्थापक मोरिहेई उएशिबा यांचेही. त्यांनी ठरावीक 17 तंत्रं निवडून, एकाच्या हातात मऊ सुरा देऊन सामन्यासारखा सराव बसवला.

बाकीच्यांनी स्पर्धा का नाकारली? "कारण ही शांततेची कला आहे" हे उत्तर वर्गात येण्याआधीच लोकांनी कुठेतरी वाचलेलं असतं. ते अर्धं खरं आहे. उएशिबा (1883–1969) यांनी 1915 मध्ये होक्काइदोत ताकेदा सोकाकु यांच्याकडे दाइतो-र्यू ही जुनी जपानी युद्धविद्या शिकायला सुरुवात केली, आणि ती विद्या हातपाय मोडणारीच होती. 1931 साली टोकियोत सुरू झालेल्या त्यांच्या कोबुकान दोजोला (दोजो म्हणजे सरावाची जागा) लोक 'नरक दोजो' म्हणायचे. त्यांनी लष्करी संस्थांमध्येही शिकवलं. आयकिडो हे नाव 1942 मध्ये रूढ झालं, आणि आज आपण ऐकतो ती सलोख्याची भाषा जगभर पोचली ती मुख्यतः युद्धानंतर. म्हणजे तंत्रं जुनी, कडक. उद्देश नंतर बदलत गेला. ही ओढाताण आजही प्रत्येक वर्गात दिसते.

दुसरं कारण निव्वळ शरीराचं आहे. आयकिडोतली बरीचशी तंत्रं मनगट, कोपर आणि खांदा यांवर चालतात. निक्यो हा मनगटाचा पेच नीट लागला तर गुडघे आपोआप जमिनीकडे जातात. दोन हट्टी माणसं जिंकायच्या इराद्याने एकमेकांना हे करायला लागली तर कोणाचं तरी कोपर जाणार.

आता मुख्य शंका. बाकावर बसून पंधरा मिनिटं बघितलं की पाहुणा हळूच विचारतो, "दादा, हे सगळं ठरवून पडतात ना?"

हो, ठरवूनच. कोण कसा हल्ला करणार आणि कोणतं तंत्र होणार, हे दोघांनाही माहीत असतं. सर एकदा दाखवतात, मग जोड्या लागतात. तंत्र करणारा नागे आणि हल्ला करून पडणारा उके. चार वेळा एकाने, चार वेळा दुसऱ्याने, उजवीकडून आणि डावीकडून. पंचवटीतल्या जुन्या तालमीत नवा डाव बसवताना समोरचा पैलवान जसा अंग देतो, तसंच हे. फरक इतकाच की तालमीत त्यानंतर लढत होते. आमच्याकडे हा अंग देण्याचा भागच पुढे वर्षानुवर्षं वाढत, अवघड होत जातो.

नवीन माणसाला वाटतं की शिकणं म्हणजे नागे होणं, आणि उके म्हणजे आपली पाळी येईपर्यंत सोसायचं काम. वर्गातला निम्मा वेळ तुम्ही पडणार आहात आणि माझ्या मते निम्म्याहून जास्त शिक्षण त्यातच आहे. उकेला तीन कामं एकाच वेळी करावी लागतात. हल्ला खरा करायचा, म्हणजे डोक्यावर येणारा हात नागे सरकला नाही तर खरंच डोक्यावर पडला पाहिजे. तंत्र सुरू झाल्यावर हात सोडून पळायचं नाही आणि दगडासारखं थिजायचंही नाही. आणि शेवटी स्वतःला वाचवायचं.

कोतेगाएशी हे तंत्र घ्या. मनगट बाहेरच्या बाजूला वळतं आणि त्यामागोमाग सगळं शरीर जातं. ताठ उभा राहून "बघू कसा पाडतो" म्हणणारा भिडू पडत नाही, त्याचं मनगट मात्र मुरगळतं. सवयीचा उके वळणाच्या पुढे राहून उडी घेतो. बघणाऱ्याला ते नाटक वाटतं, पण ती उडी त्याचा हात वाचवते. शिहोनागे या फेकीत हात डोक्यामागे दुमडून माणूस मागच्या बाजूला खाली येतो. तिथे हनुवटी छातीला लावून ठेवली नाही तर डोक्याची मागची बाजू मॅटवर आपटते. म्हणून पहिले काही आठवडे आम्ही कोणाला जोरात फेकत नाही. पुढे लोळण घ्यायची ती हाताच्या कडेवरून, कोपराबाहेरून, खांद्यावरून, पाठीवर तिरकी, विरुद्ध कमरेपर्यंत. मणक्यावरून सरळ लोळायचं नाही. हे अंगात मुरायला वेळ लागतो आणि ते कंटाळवाणं आहे, खोटं कशाला बोलू. गळती इथेच होते.

टीका करणाऱ्यांचं एक म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. काही ठिकाणी उके नुसता गुळमुळीत होतो. हल्ला अर्धवट, आणि सरांनी हात हलवला की स्पर्शाआधीच माणूस आडवा. असं दिसलं तर चपला घालून घरी या. 'की' म्हणजे आतल्या शक्तीच्या नावाखाली लांबून माणसं पाडणारा कोणी भेटला तरी तेच. वर्ग बघायला जाल तेव्हा नजर शिक्षकांवर कमी आणि जुन्या विद्यार्थ्यांवर जास्त ठेवा. जुना माणूस नवख्यासोबत हळू होतो का? नवख्याचं तंत्र चुकलं तर तो उगाच पडतो, की उभा राहून कुठे चुकलं ते कळू देतो? एखाद्या जागी खांदे-मनगटं बांधलेली माणसं जास्तच दिसली, तर कारण विचारा.

"असं मनगट कोण पकडतं हो?" हाही नेहमीचा प्रश्न. तलवार बाळगणाऱ्या माणसाचं मनगट पकडतात ते त्याला ती उपसता येऊ नये म्हणून. सरावातली पकड त्या काळातून आलेली आहे. आज तिचा उपयोग वेगळा आहे. कोणी घट्ट धरलं की खांदे वर जातात, श्वास अडकतो, पाय रुततात. ते न होता कमरेतून वळणं आणि बाजूला सरकणं शिकायला पकड हे सगळ्यात सावकाश, म्हणून सोयीचं साधन. शोमेनउची (समोरून डोक्यावर वार), योकोमेनउची (बाजूने डोक्यावर वार) आणि त्सुकी (ठोसा) यांच्यासारखे वेगाचे हल्लेही सोबत असतातच. बोक्केन (लाकडी तलवार) आणि 'जो' (काठी) हाती आले की पकडीचा हिशोब आणखी नीट लागतो.

स्वसंरक्षणासाठी येणाऱ्या ताई-काकूंना मी स्पष्ट सांगतो. मोटारसायकलवरून येऊन गळ्यातली चेन ओढणाऱ्यासाठी आमच्याकडे डाव नाही. चेन सोडा, मान वाचवा. दोन महिन्यांत कोणापासूनही वाचाल असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, मग तो कोणतीही कला शिकवत असो. नीट पडता येणं मात्र पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्यांवरही कामाला येतं.

'ब्लॅक बेल्ट किती दिवसांत?' याचा हिशोब करता येतो. आयकिकाईच्या टोकियोतल्या मुख्यालयाच्या, म्हणजे होंबू दोजोच्या नियमाप्रमाणे पाचव्या क्यूला (ब्लॅक बेल्टआधीच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात, त्या पाचव्यापासून पहिल्यापर्यंत चढतात) किमान 30 दिवसांचा सराव लागतो, मग 40, 50, 50, 60, आणि शोदानला, म्हणजे पहिल्या ब्लॅक बेल्टला, 70. एकूण 300. हे कॅलेंडरचे नव्हेत, मॅटवरचे दिवस. आठवड्यातून तीनदा आलात तरी दोन वर्षं होतात, आणि लग्नसराई, परीक्षा, आजारपण धरलं तर चार-पाच. दानचं, म्हणजे ब्लॅक बेल्टचं, प्रमाणपत्र शेवटी कुठून येतं, हे वर्गात नाव घालतानाच विचारून ठेवा. चांगल्या शिक्षकाला त्या प्रश्नाचा राग येत नाही.

राहिलं किरकोळ. भिंतीवरच्या उएशिबांच्या फोटोला वाकून नमस्कार करतात, त्यात पूजाअर्चा काही नाही. नखं कापून या. पहिल्या महिन्यात ट्रॅक पँट आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पुरतो, कराटेचा ड्रेस घरात असेल तर तोही चालतो. हाकामाची (वरून घालायच्या घोळदार चुणीच्या पोशाखाची) घाई नको. गुडघ्याचं जुनं दुखणं असेल तर ते आधीच सांगा, कारण सुवारी वाझात गुडघ्यांवर चालावं लागतं आणि चाळिशीनंतरच्या गुडघ्यांना ते मानवत नाही. तेवढा भाग उभ्याने करू दिला जातो. नाही करू दिला, तर दुसरा वर्ग शोधा.