तंतुवाद्य शिक्षकांनी एकत्र बसायचं कसं?

मी कोल्हापुरात व्हायोलिन शिकवतो. आपण शिक्षक भेटतो ते देवल क्लबच्या मैफिलीत; शिकवण्याबद्दल बोलणं राहूनच जातं. म्हणून महिन्यातून एकदा चार-पाच जणांनी ठरवून बसा. विषय एकच घ्या आणि वाद्यं आणाच, नुसत्या गप्पांतून काही हाती लागत नाही.

एखाद्या विद्यार्थ्यालाही बोलवा, पालकांना विचारून. त्याला मोकळ्या तारेवर सावकाश गज ओढायला सांगा. टोकाकडे जाताना गज तिरका झाला, तर बहुधा दंड मागे खेचला जातोय. कोपरातून हात उघडायला हवा. एकाला हे खांद्यात दिसेल, दुसऱ्याला मनगटात. तिथंच खरी चर्चा सुरू होते, ती घाईनं मिटवू नका. पोराला मात्र एकाच वेळी पाच जणांनी सूचना देऊ नयेत.

सतारवाल्यांनाही घ्या. जवारीसाठी, म्हणजे तारांखालची घोडी घासून नाद नीट करून घेण्यासाठी, सगळ्यांच्या सतारी एकाच फेरीत मिरजेला न्या आणि कारागीर घोडीवर कानस फिरवतो, ते विद्यार्थ्यांना दाखवा. तिथल्या सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, तरी आपली कितीतरी मुलं तिथं कधी गेलेलीच नाहीत!

आणि एकमेकांचे विद्यार्थी ओढायचे नाहीत, हे पहिल्याच बैठकीत स्पष्ट बोलून घ्या.