युव्हायटिस: लाली गेल्यावरही डोळा कसा सांभाळावा

डोळा लाल झाला की रावेर-यावलपासून साक्रीपर्यंत निदान घरातच होतं: 'डोळे आलेत'. मग मेडिकलवरून थेंब येतात. डोळे येतात तेव्हा चिपडं धरतात, खाज सुटते. पण चिपडं नाहीत, एकच डोळा आतून ठणकतोय, उजेड सोसवत नाही आणि धुरकट दिसतंय, तर ती डोळ्याच्या मधल्या थराची सूज, म्हणजे युव्हायटिस असू शकते.

आधी नेत्रतज्ज्ञ, मग थेंब. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. घरात उरलेली स्टेरॉइडची बाटली तर अजिबात उघडू नका. मक्याच्या पानाचा फटका बसून बुबुळावर बुरशीची जखम झाली असेल, तर तेच थेंब डोळा घालवतात.

युव्हायटिस ठरला की सहसा दोन बाटल्या मिळतात. एक प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडची, सुरुवातीला दर तासालाही टाकावी लागते. औषध तळाशी बसतं, म्हणून दर वेळी नीट हलवा. दुसरी अ‍ॅट्रोपिन किंवा होमॅट्रोपिनची. तिने बाहुली मोठी होते, ठणका कमी होतो, आणि मुख्य म्हणजे बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटत नाही. जवळचं अंधुक दिसेल, उन्हात डोळे दिपतील. तेवढे दिवस मोटारसायकल दुसऱ्याला चालवू द्या. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या. मे महिन्यात बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नका, आपल्याकडचं ऊन ठाऊकच आहे.

थोड्याच दिवसांत लाली ओसरते आणि नेमका इथेच कोर्स मोडतो. कापूस वेचणी असते, लग्नं असतात, 'आता बरंय की' म्हणून थेंब बंद. असे एकदम तोडले की सूज उलटते. डॉक्टर ते कित्येक आठवड्यांत हळूहळू उतरवतात. तो कागद फ्रिजवर चिकटवा आणि रोज खूण करा.

तपासणीची तारीख चुकवू नका, कारण गुंतागुंत बहुधा दुखत नाही. डोळ्याचा दाब सुजेनेही वाढतो, स्टेरॉइडनेही. तो मोजल्याशिवाय कळत नाही आणि डोळ्याची नस सुकली की गेलेली नजर परत येत नाही. मोतीबिंदूही दोन्ही कारणांनी होतो, पण त्याचं ऑपरेशन करता येतं. फक्त त्याआधी डोळा साधारण तीन महिने शांत लागतो. डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी पाणी साचलं तर सरळ रेषा वाकड्या दिसतात, ओसीटी या पडद्याच्या स्कॅनमध्ये ते कळतं.

युव्हायटिसचं मूळ कधी शरीरात दुसरीकडे असतं, म्हणून सकाळी कंबर आखडते का, तोंड वारंवार येतं का, घरात कुणाला टीबी होता का, हे न विचारताही डॉक्टरांना सांगा. संधिवात असलेल्या लहान मुलांत डोळा लाल न होताही आत सूज असते, त्यांची तपासणी ठरलेल्या अंतराने हवीच.

पुढच्या भागातली सूज वेळेत धरली तर नजर बहुधा चांगली राहते, मात्र ती पुन्हा उद्भवू शकते. मागच्या भागातली जास्त हट्टी. तिथे कधी मेथोट्रेक्सेट देतात: ही गोळी आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. रोज घेतली तर जिवावर बेतते. सूज आवरणारं अ‍ॅडॅलिम्युमॅब इंजेक्शन सुरू करण्याआधी टीबीची तपासणी होते, ती टाळू नका.

पुन्हा ठणका लागला, काळे ठिपके वाढले किंवा डोळ्यापुढे पडदा आला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डोळा दाखवा.