गेममधली गाडी आपोआप डावीकडे जात असेल तर

"आत्या, मी हातच नाही लावला अन् गाडी डावीकडे जाऊन राहिली!" भाच्याने कंट्रोलर माझ्या पुढ्यात ठेवला. सोनीच्या प्लेस्टेशनचा ड्युअलशॉक ४, लॅपटॉपला केबलने जोडून वापरलेला. एका दुकानदाराने 'नवाच घ्या' म्हणून परत पाठवला होता. मी आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले आहे. उघडून बघितल्याशिवाय वस्तू फेकायची, हे मला पटत नाही.

आधी खात्री करा. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये गेम कंट्रोलरच्या प्रॉपर्टीज उघडा. स्टिकला, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या दांडीला, हात न लावता तिथल्या चौकोनातली फुली मधोमध थांबली पाहिजे. आमची डावीकडे सरकून थरथरत होती.

प्रत्येक स्टिकला काटकोनात दोन छोटे पोटेन्शिओमीटर (फिरवलं की विजेचा रोध बदलणारे भाग) असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. आत कार्बनच्या पट्टीवर धातूची बारीक बोटं घासत फिरतात. जुन्या रेडिओचा आवाजाचं बटण फिरवताना खरखर यायची ना, तेच दुखणं. पट्टीवर मळ बसतो किंवा पट्टीच झिजते. एप्रिल-मेमध्ये नागपुरात धूळ काय असते, सांगायला नको.

काम सुरू करताना कूलर-पंखा बंद करा. उकडतं, पण बारीक स्प्रिंग उडाली तर सापडत नाही. खाली पांढरा टॉवेल अंथरा.

मागचे चार स्क्रू पीएच ०० मापाच्या बारीक फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने काढा. मोठं टोक लावलं की डोकं घासून जातं. मुठींच्या टोकाकडून कवच हळूच सोडवा, झटका देऊ नका. दोन्ही अर्ध्यांना जोडणारी चपटी रिबन केबल आहे, ती बोर्डाकडून सरळ ओढून काढा. एल२-आर२ या मागच्या बटणांच्या स्प्रिंगा निसटू शकतात, म्हणून उघडताना प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढत चला. मग बॅटरी. तारा ओढायच्या नाहीत, प्लास्टिकचा कनेक्टर धरायचा. बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबू नका, टोचू नका, आणि परत बसवू नका.

बॅटरीची चौकट काढून बोर्डाचा एकच स्क्रू सोडवा, टचपॅडची पट्टी अलगद काढा आणि बोर्ड उचला. कंपनाच्या मोटारी तारांनी बोर्डालाच जोडलेल्या असतात, दोन्ही सोबत उचला.

आता खरं काम. स्टिकच्या कडेला पोटेन्शिओमीटरचं छोटं प्लास्टिकचं झाकण दिसेल. आडव्या दिशेचं कोणतं, ते स्टिक हलवून बघा. चिमट्याने झाकणाच्या खाचा मोकळ्या करा. आत चकती निघेल, तिच्यावर धातूची बोटं. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाचा इअरबड बुडवून, पिळून, कार्बनची पट्टी पुसा. थिनर किंवा पेट्रोल नको, प्लास्टिक खराब होतं. तोंडाने फुंकूही नका, ओलावा आत जातो. आमच्या इअरबडवर काळपट मळ आला, तेव्हाच मला बरं वाटलं.

पण भिंग लावून बघा. काळ्या पट्टीवर घासल्याची पांढुरकी रेघ दिसली, तर पुसून काही दिवसांचीच सोय होईल, पूर्ण मॉड्यूलच, म्हणजे स्टिकचा अख्खा संच, बदलावं लागेल. नागपुरात असाल तर बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा, जुना बोर्ड सोबत न्या. मॉड्यूलच्या चौदा पायांचे डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, सोडवणं नवख्याने करू नये. जुन्या डागावर आधी नवं शिशाचं सोल्डर लावलं की ते लवकर वितळतं, मग सकर पंपाने (वितळलेलं सोल्डर शोषणाऱ्या पंपाने) ओढायचं. तेवढं जमत नसेल तर सोल्डरिंग जाणणाऱ्याकडून करून घ्या.

अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत बॅटरी जोडू नका. मी अर्धा तास थांबले. जोडताना रिबन केबल वाकडी बसली तर चार्जिंग होत नाही, म्हणून कवच मिटायच्या आधीच एकदा लॅपटॉपला लावून फुली बघा. आमची मधोमध थांबली. मग भाच्याला म्हटलं, "स्क्रू तू लाव, पण शेवटपर्यंत आवळू नको."