बेसबॉल खेळाडूची युद्धसेवा कशी शोधावी
दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेलेल्या अमेरिकी बेसबॉल खेळाडूचा शोध त्याच्या वर्षवार आकडेवारीपासून सुरू करावा. कोरे मोसम चटकन नजरेत भरतात, पण त्यांच्या मागचेपुढचे अर्धवट मोसम अधिक बारकाईने वाचावेत. हँक ग्रीनबर्गच्या नावावर १९४१ साली अवघे १९ सामने आहेत, कारण मे महिन्यातच त्याला सक्तीच्या भरतीत बोलावणे आले होते. ५ डिसेंबरला त्याची सुटका झाली आणि दोनच दिवसांनी पर्ल हार्बरवर हल्ला झाला, तेव्हा तो आपणहून पुन्हा सैन्यात गेला. तक्त्यात दिसणारी सलग अनुपस्थिती प्रत्यक्षात दोन वेगवेगळ्या निर्णयांची होती.

ज्यांची कारकीर्द बहरलीच नाही, त्यांच्या बाबतीत मात्र ही पद्धत निरुपयोगी ठरते. त्या युद्धात मेजर लीग, म्हणजे अमेरिकी बेसबॉलची सर्वोच्च साखळी, खेळलेले दोघे मारले गेले: एल्मर गेडियन १९४४ मध्ये फ्रान्सवर उडताना आणि हॅरी ओ'नील १९४५ मध्ये जपानच्या इवो जिमा बेटावर. ओ'नीलच्या खात्यावर एकच सामना आहे आणि त्यातही त्याला फलंदाजीची संधी मिळाली नव्हती. अशा खेळाडूंसाठी युद्धात कामी आलेल्यांच्या याद्यांपासूनच सुरुवात करावी.

यानंतर खेळाडू कोणत्या दलात होता आणि तिथे नेमके काय करत होता, हे ठरवावे. माझ्या मते सर्वाधिक गफलत इथेच होते. बॉब फेलर ‘अलाबामा’ या युद्धनौकेवर विमानवेधी तोफेचा प्रमुख होता, तर जो डिमॅजिओ बहुतांशी लष्करी संघांतून बेसबॉलच खेळला. टेड विल्यम्सने महायुद्धात लढाऊ वैमानिक म्हणून पराक्रम गाजवला, असे लिहिलेले आढळते, परंतु १९४३ ते १९४५ ही वर्षे त्याने प्रशिक्षण घेण्यात आणि देण्यात घालवली. त्याच्या ३९ लढाऊ मोहिमा १९५३ मधल्या, कोरियातल्या आहेत, आणि तिथेच १६ फेब्रुवारीला त्याने पेटलेले जेट चाके न उघडता, पोटावर घसरवत उतरवले.

कागदपत्रे सेंट लुईस येथील राष्ट्रीय अभिलेखागारात मागावीत. सेवा संपून ६२ वर्षे झाली की फाइल सर्वांना खुली होते. १९७३ च्या आगीत १९१२ ते १९६० दरम्यान भूदलातून मुक्त झालेल्यांच्या सुमारे ८० टक्के फाइली जळाल्या, नौदलाच्या आणि मरीनच्या फाइली मात्र बहुतेक वाचल्या. फाइल जळालेली निघाली, तर खेळाडूऐवजी त्याच्या तुकडीचा माग काढावा. उदाहरणार्थ, वॉरन स्पान २७६ व्या अभियंता बटालियनमध्ये होता, आणि या तुकडीच्या नोंदी ऱ्हाइन नदीवरील रेमागेनच्या पुलापाशी नेतात. स्पान तिथेच जखमी झाला आणि १७ मार्च १९४५ रोजी तो पूल कोसळला. तुकडीच्या दैनंदिन अहवालातली तारीख आणि त्या दिवसांच्या वृत्तपत्रांतली तारीख जुळली, तरच ती घटना खेळाडूच्या नावावर लिहावी.