खाऱ्या पाण्याचा मासा आजारी पडलाय? क्वारंटाईन टाकीत या चुका टाळा

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री साडेनऊला वडगावच्या एका पोराचा फोन आला. "काका, ब्लू टँग दगडाला अंग घासूलालाय. पांढरे ठिपके आलेत. औषध आणलंय, टाकू काय?" मी विचारलं, क्वारंटाईनची टाकी, म्हणजे आजारी माशासाठीची वेगळी टाकी, तयार आहे का? "आत्ता करतो की." आणि त्यानं खरंच त्याच रात्री केली. नवी काचेची टाकी, ताजं मीठ कालवलेलं पाणी, कॉपरचं (तांब्याचं) औषध पूर्ण मात्रेत, आणि तीन मासे एकदम आत. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन मासे तळाला पडले होते. ठिपके मात्र त्यांच्या अंगावर जवळजवळ उरले नव्हते.

ते मासे ठिपक्यांनी गेले नाहीत, अमोनियानं गेले. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आता बऱ्याच घरांत मरीन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या, टाक्या झाल्यात आणि फोनवर मला ही गोष्ट वरचेवर ऐकू येते. म्हणून आधी पाण्याचं सांगतो, औषधाचं नंतर.

पाणी तयार नसताना मासा हलवणे

मोठ्या टाकीत दगडांवर जिवाणूंचा थर बसलेला असतो, तो अमोनिया पचवतो. उघड्या काचेच्या नव्या टाकीत तो नसतो. मासा मात्र कल्ल्यांतून अमोनिया सोडतच राहतो, उरलेलं खाणं तळाला कुजतं. त्यातून खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास. गोड्या पाण्यात पीएच ७ असताना एकूण अमोनियातला अर्धा टक्का विषारी रूपात असतो. समुद्राच्या पाण्यात तोच भाग साधारण दहापट होतो. गोल्डफिश पाळलेल्या माणसाला हा फरक अंगवळणी पडलेला नसतो, म्हणून 'थोडासा अमोनिया दिसतोय, चालेल' असं तो म्हणतो. मरीनमध्ये चालत नाही.

उपाय स्वस्त आहे. एक स्पंज फिल्टर मोठ्या टाकीच्या सम्पमध्ये (पाणी गाळायच्या जोडटाकीत) कायम पडू द्या. चार आठवड्यांत त्यावर जिवाणू बसतात, आणि गरज पडली की तो उचलून क्वारंटाईनला लावायचा. हा स्पंज त्याच टाकीतल्या आजारी माशांसाठी ठीक आहे. बाहेरून आलेल्या नव्या माशांसाठी तो वापरू नका, नाहीतर तुमच्या टाकीतला रोग त्यांना द्याल. त्यांच्यासाठी वेगळ्या बादलीत, मासा न ठेवता, बाटलीतले जिवाणू आणि चिमूटभर खाणं घालून दुसरा स्पंज तयार करून ठेवावा.

स्पंज नसेल तर पाणी बदलणं एवढाच मार्ग उरतो. इथं एक जीवघेणी चूक होते. टाकीत कॉपर असताना वरून अमोनिया 'बांधणारं' वॉटर कंडिशनर ओततात. त्यातली काही रसायनं कॉपरचं रूप बदलून ते माशाला कितीतरी जास्त विषारी करतात. दोन्ही एकत्र कधीच नको. पाणी बदलताना नव्या पाण्यात तेवढ्याच मात्रेचं कॉपर आधी कालवा, मग ओता. १५ लिटर बदलणार असाल तर औषध १५ लिटरच्याच हिशेबानं.

आपल्याकडची हवा, लाईट आणि घाट

समुद्राकाठची माहिती वाचून आपण टाकी मांडतो, पण बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंच आहे. हवेचा दाब आठ-नऊ टक्क्यांनी कमी, म्हणजे पाण्यात विरघळणारा ऑक्सिजनही तेवढा कमी. खारं पाणी मुळातच गोड्यापेक्षा कमी ऑक्सिजन धरतं. कल्ल्यांवर परजीवी बसलेला मासा आधीच धापा टाकत असतो, त्याला हा फरक जाणवतो. क्वारंटाईनमध्ये एअर स्टोन लावाच, आणि बॅटरीवर चालणारा एअर पंप शेजारी ठेवा. वळिवाच्या पावसात लाईट गेली की तास-दोन तास येत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

हिटरचंही तसंच. "आपल्याकडं कशाला हिटर" म्हणणारे डिसेंबर-जानेवारीत पस्तावतात. रात्री पारा १४-१५ वर उतरतो, आणि क्वारंटाईनची लहान टाकी बहुतेक घरांत मागच्या सोप्यात, नाहीतर गॅलरीत असते. पन्नास-साठ लिटर पाणी पहाटेपर्यंत पार गार होतं. २५ ते २६ अंश कायम ठेवणारा हिटर आणि वेगळा थर्मामीटर, दोन्ही हवेत.

काहीजण चोर्ला घाटातून गोव्याचं समुद्रपाणी कॅनमधून आणतात. पावसाळ्यात किनाऱ्याचं पाणी नद्यांमुळं पातळ आणि गढूळ झालेलं असतं. आजारी माशाला ते देऊ नका. आरओच्या पाण्यात सिंथेटिक मीठ कालवा, २४ तास हवा सोडा, आणि खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरनं मोजा. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणानं जुळवून घ्यायचा. साधं पाणी घालून शून्य जुळवलं म्हणजे वरचा आकडा बरोबर येतोच असं नाही.

ठिपका न ओळखता औषध टाकणे

मला सगळ्यात जास्त तळमळ या गोष्टीची आहे. दुकानात 'माशाला ठिपके आलेत' म्हटलं की एकच बाटली हातात येते. पण अंगावर दिसणारे रोग निदान चार प्रकारचे आहेत आणि चौघांचं औषध एक नाही.

मिठाच्या खड्यांसारखे, मोजता येतील असे सुटे ठिपके, मासा अधूनमधून अंग घासतो पण खातो: हा बहुधा क्रिप्टोकॅरिऑन, मरीन इच. याला कॉपर चालतं आणि तुमच्या हातात थोडा वेळ असतो.

अंगावर बारीक पिठी किंवा सोनेरी भुकटी पसरल्यासारखी, तीही तिरप्या उजेडातच दिसते. मासा पंपाच्या धारेत तोंड धरून राहतो, उजेड टाळतो, खाणं सोडतो, श्वास भराभर चालतो. हा अमायलूडिनियम, म्हणजे व्हेल्व्हेट. कित्येकदा भुकटी दिसायच्या आधीच मासा जातो. यात उद्यावर ढकलू नका. याला कॉपर चालतं, पण पाण्यातलं मीठ कमी करायचा इलाज चालत नाही.

क्लाऊन माशाच्या अंगावरून पांढरा चिकट बुळबुळीत थर सुटतोय, कातडी सोलल्यासारखी दिसते: ब्रुकलिनेला. क्रोमिस आणि डॅमसेल माशांच्या कुशीवर लाल, रक्ताळलेला व्रण: युरोनेमा. या दोन्हींवर कॉपर काही करत नाही. कॉपर टाकून वाट बघत बसलेल्या माणसाचा क्लाऊन दोन-तीन दिवसांत हातचा जातो. ब्रुकलिनेलावर फॉर्मेलिन वापरतात, पण ते माणसालाही घातक आहे आणि पाण्यातला ऑक्सिजन खातं. हातमोजे, उघडी खिडकी आणि जोरात हवा सोडल्याशिवाय त्याला हात लावू नये, आणि घरात लहान मुलं असतील तर बाटली घरात ठेवूच नये. समुद्रातून पकडलेल्या क्लाऊनमध्ये हा रोग जास्त बघायला मिळतो. म्हणून मी विचारणाऱ्याला टाकीत पैदास झालेला क्लाऊनच घ्यायला सांगतो.

आणखी एक: डोळे धुरकट, मासा मान झटकतो, पण ठिपका एकही नाही. तेव्हा फ्लूक म्हणजे चपट्या कृमींचा संशय घ्यावा. तापमान आणि पीएच जुळवलेल्या, क्लोरीन काढलेल्या गोड्या पाण्यात, हवा सोडून, पाच मिनिटं मासा ठेवला तर पांढुरके कण गळून तळाला दिसतात. मग प्राझिक्वांटेल हे कृमींचं औषध. मासा आडवा पडून हालचाल थांबवायला लागला तर पाच मिनिटं मोजत बसू नका, लगेच काढा.

औषध टाकण्याआधी फोनवर एक मिनिटाचा व्हिडिओ काढा, बाजूनं टॉर्च धरून. मोठा करून शांतपणे बघा. या एका मिनिटानं मी स्वतः दोनदा चुकीचं औषध टाकता टाकता थांबलो आहे.

गोड्या पाण्यातले उपाय इकडे लावणे

गोड्या पाण्यातला इच वेगळा जीव आहे. तिथं तापमान ३० वर नेतात, खडेमीठ टाकतात, निळं औषध घालतात. मरीन इचला नुसत्या उष्णतेनं काही होत नाही. उलट ऑक्सिजन कमी होतो. मीठ तर पाण्यात आहेच. लसूण चोळलेलं खाणं मासा आवडीनं खाईल, पण परजीवी मरणार नाहीत. हळद टाकीत घालू नका.

कॉपर अंदाजानं टाकणे

टाकी बनवणारा २ बाय १ बाय सव्वा फुटी टाकीला '७० लिटर' म्हणतो. बाहेरून मोजली तर ते बरोबर आहे. पण सहा मिलीमीटरची काच वजा करा, पाणी ३३ सेंटिमीटरपर्यंतच भरलंय हे धरा, तर आत जेमतेम ५८ लिटर येतं. ७० च्या हिशेबानं औषध टाकलं तर ०.५ ऐवजी ०.६ मिलिग्रॅम प्रति लिटर होतं. कॉपरच्या बाबतीत औषध आणि विष यांतलं अंतर एवढंच असतं. आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणा, हजारानं भागा. किंवा भरतानाच बादल्या मोजा.

कॉपरचे दोन प्रकार बाजारात मिळतात. आयनिक (मोकळं) कॉपर लिटरला साधारण ०.५ मिलिग्रॅमवर काम करतं, चिलेटेड (दुसऱ्या रसायनाला बांधलेल्या) कॉपरला २ ते २.५ लागतं. एकाचा आकडा दुसऱ्याला लावला तर एकीकडं मासा मरतो, दुसरीकडं परजीवी जगतात. टेस्ट किट तुमच्या प्रकाराचं कॉपर मोजतं का, हे विकत घेतानाच बघा. पूर्ण मात्रा पहिल्याच दिवशी देऊ नका. मासा खात-पीत असेल तर दोन-तीन दिवसांत चढवत न्या. व्हेल्व्हेटची खात्री असेल तेव्हाच घाई. ड्वार्फ एंजल आणि काही रास (wrasse) जातीचे मासे कॉपरला नाजूक असतात, त्यांच्याकडं जास्त लक्ष हवं.

क्वारंटाईनमध्ये दगड, वाळू, कार्बन यातलं काही नको, हे सगळं कॉपर शोषतं. लपायला प्लंबिंगच्या दुकानातले पीव्हीसीचे तुकडे टाका. आणि शेतीच्या दुकानातलं मोरचूद, जे आपण द्राक्षाला बोर्डो मिश्रणात वापरतो, ते 'कॉपरच की' म्हणून टाकू नका. त्यात दुसरं काय मिसळलंय ते कळत नाही, आणि घरच्या काट्यावर ती मात्रा तोलता येत नाही. मोठ्या टाकीत तर कुठलंच कॉपर जाऊ देऊ नका; कोळंबी, शंख, खेकडे सगळे मरतील आणि दगडात शिरलेलं कॉपर नंतर त्रास देत राहील.

पिशवीतला मासा तासन् तास ड्रिपवर ठेवणे

बेंगळुरूहून रात्रीच्या बसनं आलेल्या थर्माकोलच्या पेटीतला मासा दहा-बारा तास त्याच पाण्यात असतो. पाण्यात अमोनिया साठतो, पण कार्बन डायऑक्साईडमुळं पीएच खाली असल्यानं त्याचा जोर कमी राहतो. पिशवी उघडली की वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा माशाला दोन तास ड्रिप, म्हणजे थेंबथेंब टाकीचं पाणी सोडत ठेवणं, म्हणजे दोन तास विषात. विक्रेत्याला त्याच्या पाण्याची सॅलिनिटी (खारटपणा) आधी विचारा, क्वारंटाईन तेवढ्यावर ठेवा, बंद पिशवी २० मिनिटं तरंगवून तापमान जुळवा आणि मासा सोडा. पिशवीतलं पाणी बेसिनमध्ये.

ठिपके गेले म्हणून इलाज थांबवणे

मरीन इचचा परजीवी माशाच्या अंगावर तीन ते सात दिवस राहतो. मग आपणहून गळतो, तळाशी जाऊन कोष करतो आणि त्या एका कोषातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. कॉपर मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणजे पाचव्या दिवशी मासा लख्ख दिसतो तेव्हा रोग खाली तळाला असतो. त्या दिवशी मासा परत मोठ्या टाकीत सोडणारे कितीतरी लोक मला माहीत आहेत, आणि दुसऱ्या वेळी ठिपके पहिल्यापेक्षा दाट येतात. कॉपर मात्रेवर आल्या दिवसापासून ३० दिवस मोजा. मधे पातळी खाली गेली तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

आणि ज्याच्या अंगावर ठिपके नाहीत त्यालाही बाहेर काढायला हवं. एक मासा जरी मोठ्या टाकीत राहिला तरी परजीवींचं घर चालू राहतं. सगळे मासे काढून टाकी रिकामी ठेवायची. हौशी लोक ७६ दिवस धरतात, कारण गार पाण्यात काही कोष ७२ दिवसांनी फुटल्याचं नोंदलेलं आहे. कोळंबी आणि दगड तिथंच राहू देत, त्यांना हा रोग होत नाही. जाळी, बादली, नळी दोन्ही टाक्यांची वेगळी ठेवा, आणि एका टाकीत घातलेला ओला हात दुसरीत घालू नका.

वडगावच्या पोराचा ब्लू टँग वाचला. ते दोन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सम्पमधला जुना स्पंज लावल्यावर आणि वीस लिटर पाणी बदलल्यावर तो खायला लागला. मागं राहिलेले दोन क्लाऊन अंगानं स्वच्छ होते म्हणून त्याला काढायचे नव्हते. बऱ्याच बोलण्यानंतर १५ ऑगस्टला काढले. तिथपासून ७६ दिवस म्हणजे ३० ऑक्टोबर. दर रविवारी त्याचा फोन येतो, "काका, टाकी मोकळी बघवत नाही, आता सोडू काय?" भिंतीवरच्या कॅलेंडरवर ३० तारखेला त्यानं लाल गोल केलाय. रोज रिकाम्या टाकीत कोळंबीसाठी चिमूटभर खाणं टाकतो आणि क्वारंटाईनचं कॉपर मोजून वहीत लिहितो. कालचा आकडा २.३ होता.